शिक्का इकडे, सही तिकडे

शिक्का सोनेरी कागदाच्या पाठीवर राहिला आणि सही उरलेल्या कागदाबरोबर माझ्या हातात आली. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. कॉलेजची खिडकी पाचला बंद होणार होती.

दुकानात आम्ही तिघं होतो. अंकिता, मंडणगडकडच्या एका खेड्यातली, नुकतीच बारावी झालेली. तिचे आजोबा, ज्यांना सगळे आबा म्हणतात, एसटीतले निवृत्त कंडक्टर. आणि मी, फ्रेम बनवणारी. टेबलावर समोरच्या चहावाल्याची किटली वाफ सोडत होती. त्या वाफेवर मी दोन चिकटलेले कागद सोडवत होते. तीन कोपरे छान सुटले म्हणून चौथ्याला घाई केली.

"फाटलं," अंकिता म्हणाली.

"कोपराच गेलाय," मी म्हटलं.

"काकी, त्या कोपऱ्यातच शिक्का होता."

"दिसतोय मला. डोळे शाबूत आहेत अजून."

आबा खुर्चीतून उठले, दोन्ही कागद बघितले आणि परत बसले. "म्हणजे तिकीट एकाकडे आणि पंच दुसऱ्याकडे," ते म्हणाले. "असल्या पॅसेंजरला मी खाली उतरवायचो."

त्यावर अंकिता रडायला लागली. मी तिला रडू दिलं, कारण विचार करायला मला तेवढाच वेळ मिळत होता.

हे कागद एकमेकांना चिकटले कसे, ते सांगायचं तर आधी माझा धंदा सांगायला हवा.

माझं शिक्षण चौथी. देवरूखजवळच्या आमच्या गावात शाळाच तेवढी होती. पाचवीला ओढा ओलांडून जावं लागे. वडील म्हणाले, "पावसात वाहून गेलीस तर शिकून काय उपयोग?" विषय तिथे संपला. लग्न होऊन रत्नागिरीत आले. नवऱ्याचं फ्रेमचं दुकान होतं. माणूस बरा होता, पण त्यांना पट्टी सरळ कापता येत नसे. त्यांनी केलेली फ्रेम भिंतीवर कशीही लावा, वाकडीच दिसायची. दुसऱ्या वर्षापासून पट्टी मी कापायला लागले आणि ते गिऱ्हाइकांशी बोलायला लागले. ते गेल्यावर बोलणंही माझ्याकडे आलं आणि गिऱ्हाईक थोडं कमी झालं.

फ्रेमवाल्याकडे तीनच तऱ्हेचं काम येतं. देव, मेलेले आणि पास झालेले. देव गणपतीच्या आधी येतात, मेलेले बारा महिने, आणि पास झालेले जूनपासून सप्टेंबरपर्यंत. तिन्हींत मेलेल्यांचं काम सगळ्यात बरं. घरचे लोक तेराव्याच्या आत द्या एवढंच म्हणतात. देवाचं गिऱ्हाईक पट्टीच्या रंगावरून वाद घालतं, पण ते दहा मिनिटांत जातं. पास झालेल्याचे आईबाप मात्र स्टुलावर बसून राहतात आणि तुम्हाला विषयवार मार्क सांगतात. मला कळत नाही त्या विषयांचेसुद्धा.

आमच्याकडे गुणगौरव फार. दहावी-बारावीचा निकाल लागला की गावचं मंडळ, मुंबईचं मंडळ, वाडीचं मंडळ, समाजाचं मंडळ, सगळे सत्कार करतात. गणपतीत मुंबईकर गावी आले की एकाच पोराचे चार सत्कार, चार नारळ, चार प्रमाणपत्रं. पोर पहिलं आलेलं असायला हवं असं काही नाही. वाडीत दहावीला दोनच पोरं असतात, त्यातलं एक पहिलं येतं आणि दुसरं दुसरं. ही प्रमाणपत्रं सगळी माझ्याकडे येतात. कडेने सोनेरी वेल, दोन बाजूंना समया, वर मंडळाच्या अध्यक्षांचा फोटो. पोराचं नाव खाली असतं, तेही हाताने लिहिलेलं, कारण ठिपक्यांची जागा छापखान्यात भरत नाहीत.

कागदांचा माझा एक अनुभव सांगते. ज्याच्यात काही मिळालेलं नसतं त्या कागदाला रंग जास्त असतो. 'सहभागाबद्दल' आणि 'उत्तेजनार्थ' हे कायम सोनेरीत येतात. आणि मी ते लपवूनही दिलेले आहेत. फ्रेमच्या काचेमागे चारी बाजूंनी एक जाड पुठ्ठा घालतात, मधोमध चौकोन कापलेला, त्याला माउंट म्हणतात. चौकोन कुठे कापायचा ते माझ्या हातात. थोडा वर घेतला की खालची ओळ झाकली जाते. मग भिंतीवर दिसतं, राज्यस्तरीय परीक्षा, आणि पोराचं नाव. सहभाग पुठ्ठ्याखाली. लांज्याकडच्या एका गुरुजींनी हे काम माझ्याकडून करून घेतलं होतं. शाळामास्तर माणूस. मुलीचं विज्ञानाच्या परीक्षेचं प्रमाणपत्र घेऊन आले आणि बोट ठेवून म्हणाले, "काकी, चौकट एवढी इथपर्यंत आली तर शोभेल."

"ओळ जाईल की आत," मी म्हटलं.

"गेली तर जाऊ दे. शोभेला म्हणतो मी."

मी कापून दिलं. शोभा झाली. ह्या गुरुजींना लक्षात ठेवा, ते परत येणार आहेत.

हे कागद कॉलेजात कोणी बघतं का, हे मी एकदा राणेबाईंना विचारलं होतं. राणेबाई इथल्या एका कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीवर बसतात. त्यांच्या सासूची फ्रेम मी केली, तेव्हाची ओळख. त्या म्हणाल्या, "काकी, आम्ही मार्कलिस्ट बघतो, शाळेचा दाखला बघतो, जातीचा दाखला बघतो. बाकीची फाइल पालक दाखवतात, आम्ही हो हो म्हणतो." मग त्यांनी हेदवीकडच्या एका आईची गोष्ट सांगितली. त्या बाईने मुलाची मार्कलिस्ट फ्रेम न करताच देवाशेजारी लावली होती आणि दर गुरुवारी तिला हळदकुंकू वाहिलं. प्रवेशाच्या वेळी गणिताच्या मार्कांवर कुंकवाचा एवढा थर होता, की राणेबाईंना नखाने खरवडून बघावं लागलं. खाली पस्तीस निघाले. "एवढी पूजा कशाला केलीत?" तर ती म्हणाली, "पस्तीस पडले हेच देवाने केलंन. चौतीस पडायचे होते."

"मग ह्या प्रमाणपत्रांचा उपयोगच नाही?" मी विचारलं.

"एकाच वेळी आहे. दोघांचे मार्क अगदी सारखे पडले आणि जागा एक असली, की मग बघतात. पण सोनेरी चालत नाही. परीक्षा खरी लागते आणि कागद मूळ लागतो."

मी हे ऐकलं आणि विसरले. सारखे मार्क कोणाला पडतात?

आता अंकिताच्या कागदाकडे येते. दहावीत असताना तिने गणिताची एक परीक्षा दिली होती, राज्यभर होते ती. तिच्यात ती जिल्ह्यातून वर आली. त्या संस्थेकडून टपालाने एक कागद आला. पातळ, पांढरा, इंग्रजीत, चित्र नाही, कडेला वेल नाही. खाली एका कोपऱ्यात जांभळा गोल शिक्का, दुसऱ्या कोपऱ्यात निळी सही. त्याच वर्षी गणपतीत गावच्या मुंबईकर मंडळाने तिचा सत्कार केला आणि सोनेरी प्रमाणपत्र दिलं. त्यावर लिहिलं होतं, 'श्री. बाबाजी सखाराम घाणेकर यांची नात कु. अंकिता हिने गणितात मिळवलेल्या यशाबद्दल'. बाबाजी म्हणजे आबा. आयुष्यभर दुसऱ्यांना तिकिटं फाडून दिली, स्वतःचं नाव मिरवणारा हा पहिला कागद. ते रत्नागिरीला एसटीच्या ऑफिसात कामाला आले तेव्हा दोन्ही कागद एकाच वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले.

"हा करा," म्हणून त्यांनी सोनेरी पुढे केला.

"आणि हा?"

"हा त्याच्याबरोबरच होता. पाकिटात."

त्यांना वाटलं पांढरा म्हणजे सोबत आलेलं पत्र. मला इंग्रजी येत नाही, मलाही तेच वाटलं. एका कंडक्टरने आणि एका चौथी पास बाईने मिळून ठरवलं, की झगमगतं ते खरं आणि साधं ते वेष्टण.

फ्रेमच्या आत पुढून काच, मग माउंट, मग कागद, आणि मागे हार्डबोर्ड असतो. कागद पातळ असला तर हार्डबोर्डाचा तपकिरी रंग त्यातून दिसतो. म्हणून मी मध्ये एक पांढरा कागद घालते. नवा कागद कशाला फुकट घालवा, जो असेल तो. सोनेरी कागद दिसायला मोठा पण अंगाने पातळ होता. पांढरा हाताशीच होता. मी त्याच्या पाठीला चारी कोपऱ्यांत खळ लावली आणि सोनेरीच्या पाठीला चिकटवून टाकला, अक्षरं हार्डबोर्डाकडे. माझी खळ मैद्याची, त्यात मोरचूद घातलेला, वाळवी लागू नये म्हणून. ती खळ धरली की धरली. आबा समोर स्टुलावर बसून बघत होते. "मजबूत झालं पाहिजे," म्हणाले. मी म्हटलं, "माझी फ्रेम पोराबाळांना पुरेल." पाठीला सहा खिळे ठोकले.

दोन वर्षं ती फ्रेम त्यांच्या पडवीत होती. आल्यागेल्याला आबा आधी ती दाखवायचे, मग पाणी विचारायचे.

बारावीत अंकिताला चांगले मार्क पडले. इथल्या, राणेबाईंच्याच कॉलेजात मुलींच्या वसतिगृहात एक जागा असते, खेड्यातल्या मुलीसाठी, राहणं आणि जेवण कॉलेजकडून. कोणा जुन्या देणगीदाराने ठेवलेली. अंकिताला ती जागा मिळाली नाही तर काय, हे घरात ठरलेलं होतं. मुंबईला मामीकडे. मामीला तान्हं बाळ. शिकायला म्हणून जायचं आणि बाळ सांभाळायचं. असली शिकायला गेलेली मुलगी मी चार घरांत बघितली आहे. पाचव्या वर्षी ती लग्न होऊन बाहेर पडते आणि बाळ शाळेत जातं.

त्या जागेला अंकिताचे आणि आणखी एका मुलीचे मार्क सारखे पडले. कॉलेजकडून फोन आला, राज्य पातळीवरच्या परीक्षेत गुणवत्ता मिळाल्याचं प्रमाणपत्र असेल तर मूळ प्रत आणा, गुरुवारी पाचच्या आत. अंकिताने मोबाइलवर त्या कागदाचा फोटो ठेवला होता. फोटो चालणार नव्हता. तिने घर उपसलं, ट्रंका उपसल्या, भाताच्या कणगीमागेसुद्धा बघितलं. बुधवारी संध्याकाळी आबा जेवता जेवता थांबले आणि पडवीकडे बघायला लागले.

गावात फ्रेम उघडावी असं अंकिताचं म्हणणं होतं. आबा म्हणाले, "जिने ठोकली तीच काढील. आपण हात लावला तर काच जाईल आणि कागदही." ही एवढी एक गोष्ट ते बरोबर बोलले. पहाटेच्या गाडीने निघाले. फ्रेम गोधडीत गुंडाळून मांडीवर. वाटेत एका घाटात झाड पडलं होतं, दोन तास तिथेच गेले. शेजारच्या पॅसेंजरने विचारलं, "कोण गेलं?" आबा म्हणाले, "अजून कोण नाय. पाच वाजता कळेल."

दुकानात आले तेव्हा पावणेतीन झाले होते. मी सगळं ऐकलं, पक्कड घेतली आणि स्वतःचेच खिळे काढायला बसले. सहा खिळ्यांना वीस मिनिटं लागली. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, नवऱ्याने केलेली फ्रेम असती तर हाताने उघडली असती. हार्डबोर्ड काढला आणि आत तो पांढरा कागद, अक्षरं वर, शिक्का वर, सही वर. अंकिता इंग्रजी वाचायला लागली आणि मी खळ बघायला लागले.

मग किटली. मग तो चौथा कोपरा. तिथे मी खळ जास्त लावली होती, कारण आबांनी मजबूत सांगितलं होतं.

तर पावणेचार वाजलेले. सोनेरी कागदाच्या पाठीवर बोटभर पांढरा तुकडा, त्यावर जांभळा शिक्का. माझ्या हातात बाकीचा कागद.

मी कात्री उचलली. "सोनेरीचा तेवढा कोपरा कापते आणि ह्याला जोडून टेप लावते."

आबांनी माझं मनगट धरलं. "त्या कोपऱ्याच्या पुढच्या बाजूला काय आहे?"

मी उलटून बघितलं. पुढच्या बाजूला बरोबर 'श्री. बाबाजी' होतं.

"आबा, सोडा," अंकिता म्हणाली. "मला जागा पाहिजे. त्या सोनेरीला आग लावा."

"आग लाव. पण माझं नाव कापू नको."

"तुमच्या नावापायी मी मामीकडे जाऊ?"

आबांनी हात सोडला. तोंड रस्त्याकडे केलं आणि म्हणाले, "काप."

मी कापलं नाही. आबांची दया आली म्हणून नव्हे, दया करायला वेळ नव्हता. मी एवढ्या वर्षांत फाटलेले फोटो किती जोडलेत. कात्रीने सरळ कापून टेप लावलेला कागद बघितला की कोणालाही आधी संशय येतो. फाटलेली कड खोटी करता येत नाही. दोन्ही तुकड्यांच्या वेड्यावाकड्या कडा एकमेकींत जाऊन बसतात, ती जागा त्या दोघींनाच ठाऊक असते. "दोन्ही असेच न्यायचे," मी म्हटलं. "मी येते. मी केलंय, मी सांगते." पक्कड पिशवीत टाकली, का ते मला आजही सांगता येणार नाही, सवय. दुकानाला कुलूप लावून रिक्षा केली.

खिडकीशी पोचलो तर पुढे लांज्याचे गुरुजी उभे. बरोबर त्यांची मुलगी, सायली. हातात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली माझी फ्रेम. सारख्या मार्कांची दुसरी मुलगी ही.

राणेबाई त्यांना सांगत होत्या, "गुरुजी, कागद द्या. भिंत नको."

"मॅडम, राज्यस्तरीय आहे. वाचा ना काचेतून."

"काचेवर शिक्का मारू का मी? कागद बाहेर काढा."

गुरुजींनी वळून मला बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. बिचाऱ्यांना वाटलं, साक्षीदार आला. "ह्या काकींना विचारा! ह्यांचीच फ्रेम आहे. ही उघडता येत नाही, उघडली तर फुटते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी गप्प राहिले असते तर राणेबाईंनी कदाचित काचेतून वाचलं असतं. पुठ्ठ्याखाली काय आहे ते तिथे दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्या दोघांतली एक पैसे घेऊन लपवणारी. पण माझ्या फ्रेमबद्दल कोणी खोटं बोललं की मला राहवत नाही.

"फुटत नाही," मी म्हटलं. "सहा खिळे आहेत. पक्कड आणलीय."

गुरुजी एकदम म्हणाले, "राहू दे."

"बाबा, उघडू दे ना," सायली म्हणाली. तिला काहीच माहीत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. तिची ओळ तिच्या बापाने आणि मी मिळून झाकली होती, तिला न विचारता. "बाबा, पाच वाजतील."

"राहू दे म्हटलं ना. चल."

ते फ्रेम काखेत घेऊन बाजूच्या बाकावर जाऊन बसले. सायली उभीच राहिली.

मग आमची पाळी. मी दोन्ही कागद खिडकीतून आत सरकवले आणि जे झालं ते सांगितलं. खळ, मोरचूद, किटली, सगळं. राणेबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"काकी, हे मूळ प्रमाणपत्र तुम्ही पाठीला भरलंत?"

"हो."

"पुठ्ठा म्हणून?"

"पुठ्ठा महाग पडला असता. कागद म्हणून."

त्यांनी सोनेरी कागद पालथा ठेवला आणि पांढरा त्यावर सरकवत आणला. कडेला कड लागली. शिक्क्याचा गोल पुरा झाला, मध्ये केसाएवढी फट. त्यांनी बोट फिरवून बघितलं, मग सोनेरी उलटून पुढची बाजू मोठ्याने वाचली. समया, अध्यक्ष, सगळं. आत जाऊन एका सरांना दाखवून आल्या. आतून हसण्याचा आवाज आला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. चिडलेला माणूस सही करत नाही, हसलेला करतो.

झेरॉक्सवर त्यांनी शेरा लिहिला. लिहिता लिहिता वाचत होत्या, म्हणून मला पाठ आहे. "प्रमाणपत्राचा शिक्का असलेला कोपरा, श्री. बाबाजी सखाराम घाणेकर यांची नात असा उल्लेख असलेल्या गौरवपत्राच्या पाठीवर चिकटलेला आहे. दोन्ही कागद जुळवून मूळ प्रत पाहिली." खाली सही, खाली शिक्का. दोन्ही एकाच कागदावर.

आबा मागे उभे होते. "परत वाचा की मॅडम," म्हणाले.

"पाच वाजले, आजोबा," राणेबाई म्हणाल्या आणि खिडकी लावली.

दुसऱ्या दिवशी यादी लागली, जागा अंकिताला. एवढ्या वर्षांत हजारो प्रमाणपत्रं माझ्या हातून गेली. कॉलेजात ज्याने काम केलं असं मी बघितलेलं हे एकच, आणि ते मी अस्तर म्हणून वापरलं होतं.

पुढे मी जुन्या गिऱ्हाइकांना निरोप दिले, मागे काय आहे बघायचं असेल तर फ्रेम आणा, फुकट उघडून देते. बरेच आले. बहुतेक ठिकाणी कॅलेंडरची पानं आणि लग्नपत्रिका निघाल्या. पण एका दवाखान्यातल्या गणपतीमागून शिष्यवृत्तीचं पत्र निघालं. खळीने नाव गेलेलं, फक्त 'अभिनंदन' उरलेलं. आपलं काम न्यायला कोणी आलं नाही की मी काही वर्षांनी तो कागद असाच वापरायचे. ते पत्र कोणाचं, मला माहीत नाही. अजून ठेवलंय, कोणाचं असेल तर घेऊन जावं. त्या दिवसापासून मी पाठीला कोरा पुठ्ठाच घालते.

आणि माउंटने ओळ झाकणं बंद केलं. गुरुजी नंतर दुकानात आले नाहीत. सायली मात्र त्याच कॉलेजात शिकते, लांज्याहून रोज एसटीने ये-जा करते. वर्षभराने ती एकटीच ती फ्रेम घेऊन आली.

"काकी, हा मधला पुठ्ठा काढा."

"ओळ दिसेल गो बाय."

"दिसू दे. मी भाग घेतला होता ना?"

मी पुठ्ठा काढला आणि काच पुसून दिली. तिच्याकडून काही घेतलं नाही. तिला वाटलं मी उपकार केला.

अंकिताची मूळ प्रत आता कायमची दोन कागदांची आहे. एक दाखवला की दुसरा दाखवावा लागतो. आता ती पुढच्या शिक्षणासाठी अर्ज करतेय. जाईल तिथे आधी पांढरा ठेवते, मग सोनेरी पालथा ठेवते, मग कोणीतरी तो उलटतं आणि आबांचं नाव वाचतं. फाइलमध्ये सोनेरी कागद मोठा होतो म्हणून तिने फाइलच मोठी घेतली आहे.

गेल्या माघात आबा गेले. फोटो घेऊन तीच आली, कंडक्टरच्या गणवेशातला. पट्टी मी कापली, साधी काळी, काच घातली, मागे कोरा पुठ्ठा. तो घालण्याआधी तिने दोन्ही बाजूंनी बघितला. मग मी बघितला. खिळे चारच मारले.

त्या गुरुवारी पावणेचार वाजता दुकानात तिघं होतो. आता अंकिता आहे आणि मी आहे.